दिवा लागला, पण टच कुठे लागला?

जानेवारीत जिमखान्याच्या बोर्डावर एक नोटीस लागली होती. 'फेन्सिंग क्लास – अंतर्गत स्पर्धा, एपे, मिक्स्ड, रविवारी सकाळी ८ पासून.' दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कोणीतरी बॉलपेनने लिहून ठेवलं, 'कुंपण तारेचं की विटांचं?' हसू आलं, पण खरं सांगायचं तर प्रश्न अगदीच चुकीचा नाही. आपल्या कॉलेजात हा क्लास दोन वर्षं चालू आहे आणि अजून निम्म्या हॉस्टेलला तिथे नक्की काय चालतं ते ठाऊक नाही. मेसच्या मावशी तर मला अजून विचारतात, "काय गं, तुमचं ते दांडपट्ट्याचं चालू आहे का?"

म्हणून हा लेख. आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी फक्त थर्ड लँग्वेज. तेव्हा शुद्धलेखनाचे टच माझ्यावर लावू नका!

तर मंडळी, फेन्सिंग म्हणजे तलवारबाजी. आपल्या मर्दानी खेळाशी तिचं नातं लांबचं. दांडपट्टा फिरवायचा असतो, त्याला धार असते, आणि एकटा माणूस चार जणांना अंगाजवळ येऊ देत नाही अशी त्याची कल्पना. ऑलिम्पिकच्या तलवारबाजीत समोर एकच माणूस असतो आणि दोघं एका अरुंद पट्टीवर पुढे-मागे सरकत असतात. शस्त्रं तीन. फॉइल, एपे आणि सेबर. आपल्या पेपरांत यांची नावं वाचली की मजा वाटते, एपेचं कधी 'इप्पी' होतं तर सेबरचं 'सायबर'! फॉइलमध्ये फक्त टोक चालतं आणि फक्त धडावर. सेबरमध्ये कमरेच्या वर कुठेही, डोकं आणि हातसुद्धा, टोकानं किंवा पात्यानं. एपेमध्ये फक्त टोक, पण डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही. हे 'अंगठ्यापर्यंत' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या सरांनी स्पर्धेसाठी एपे निवडला त्याचं कारण रेफरी. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचे दिवे एकदम लागले तर हल्ल्याचा हक्क कोणाकडे होता ते रेफरीनं ठरवायचं असतं. कोणी आधी हात पुढे करून चाल केली, कोणी अडवलं, अडवल्यावर लगेच परत मारलं का, असा पूर्ण संवाद त्याला वाचता यायला लागतो. त्याला वर्षं जातात. एपेमध्ये हा हक्कबिक्क काही नाही. जो आधी लावेल त्याचा टच. दोघांनी एकदम लावला तर दोघांना एकेक. म्हणजे निर्णय मशीनवर टाकता येतो. निदान आमचा समज तसा होता.

मशीनबद्दल आता जरा सविस्तर लिहिते, कारण ते आमच्या ग्रुपनं बनवलंय आणि ई अँड टीसीच्या पोरीला दुसरं काय येतं?

एपेचं पातं ९० सेंटिमीटरचं, कापलं तर त्रिकोणी दिसेल असं. मुठीसकट जास्तीत जास्त ७७० ग्रॅम वजन. पात्याला एका बाजूनं खाच असते, त्या खाचेतून दोन बारीक तारा चिकटवून टोकापर्यंत नेलेल्या असतात. टोकाला एक छोटं बटण, आत स्प्रिंग. बटण दाबलं की दोन तारा जुळतात, सर्किट पूर्ण होतं आणि दिवा लागतो. इतकं साधं. पण कितीही हलकं टेकलं तरी टच द्यायचा नाही, म्हणून स्प्रिंगला ७५० ग्रॅमचं वजन पेलून परत वर यावं लागतं. बाउटच्या आधी रेफरी टोकावर ते वजन ठेवतो. दिवा लागला आणि वजन वर उचललं गेलं नाही, की तो एपे बाद. आमचं वजन वर्कशॉपमध्ये लेथवर बनवलंय. मेकॅनिकलच्या दोघांनी ते टर्न करून, केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर तोलून, शेवटचे काही ग्रॅम कानशीनं घासून बरोबर ७५० वर आणलं. वर्कशॉपच्या जर्नलमधल्या सगळ्या जॉबपेक्षा तो सरस झालाय असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. वजनाबरोबर दोन पत्र्याही लागतात, एक दीड मिलिमीटरची आणि एक अर्ध्या मिलिमीटरची. बटण किती आत गेल्यावर दिवा लागतो ते त्यांनी तपासायचं.

आता तिसरी तार. ती सगळ्यात महत्त्वाची. खेळाडूच्या जॅकेटमधून, बाहीतून जी वायर जाते तिला तीन पिनांचा प्लग असतो. पिनांमधली अंतरं मुद्दाम सारखी नसतात, एक १५ मिलिमीटर, एक २०, म्हणजे घाईत उलटा बसवता येत नाही. दोन पिना टोकाच्या तारांच्या. तिसरी पिन पात्याला आणि हात झाकणाऱ्या वाटीला जोडलेली, म्हणजेच ग्राउंड. समजा माझं टोक समोरच्याच्या वाटीवर आदळलं. बटण तर दाबलं गेलं. पण ती वाटी ग्राउंडला आहे, ते मशीनला कळतं आणि दिवा लागत नाही. हात मारायला गेलं आणि वाटीवर लागलं तर टच फुकटचा नाही मिळायचा. मोठ्या स्पर्धांत जमिनीचीही हीच सोय असते. पिस्ट, म्हणजे खेळायची पट्टी, धातूची असते आणि तीही ग्राउंडला जोडलेली. टोक जमिनीवर आपटलं तरी दिवा शांत.

आमची पिस्ट कशाची? बॅडमिंटन कोर्टाची! नियमानं पिस्ट १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद लागते. बॅडमिंटन कोर्ट १३.४ मीटर. म्हणजे दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटर पांढरी टेप वाढवली की झालं. मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर उभं राहायच्या रेषा. मागे शेवटच्या दोन मीटरला वेगळी खूण, म्हणजे मागे सरकणाऱ्याला कळावं की आता संपत आलं. दोन्ही पाय मागच्या रेषेबाहेर गेले की समोरच्याला टच. सगळं नियमाप्रमाणे, फक्त जमीन लाकडी. लाकडातून करंट जात नाही. म्हणजे टोक जमिनीवर आपटलं तर मशीन बिनधास्त दिवा लावणार, आणि तो टच नाही हे माणसानंच ओळखायचं. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, सरांनी स्पर्धेआधी सगळ्यांना सांगितलंही होतं. जिथे जमिनीचा संशय तिथे टच रद्द.

मशीनमध्ये दुसरी गोष्ट वेळेची. 'एकदम' म्हणजे नक्की किती? एपेचा नियम सांगतो, दोन टचमध्ये ४० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर दोन्ही दिवे लागले पाहिजेत आणि ५० पेक्षा जास्त असेल तर फक्त पहिल्याचा. डोळ्याची उघडझाप याच्या कितीतरी पट लांब असते. रेफरीच्या डोळ्यांनी हे दिसणं शक्यच नाही, म्हणून तर तिन्ही शस्त्रांत आधी एपेला वीज आली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये एपे इलेक्ट्रिक होता. फॉइल झालं १९५६ मध्ये मेलबर्नला आणि सेबर तर थेट १९९२ मध्ये बार्सिलोनाला. आमचा बॉक्स म्हणजे एक साधा मायक्रोकंट्रोलर, दोन मोठे दिवे आणि जुन्या रिक्षाचा वाटावा असा बझर. कटऑफ आम्ही ४५ ला ठेवलाय. एका रविवारी पूर्ण दुपार फंक्शन जनरेटर लावून ४४ ला दोन दिवे आणि ४६ ला एक दिवा येतो का ते बघितलं. आला.

मशीनवर किती विसंबायचं याची एक गोष्ट क्लासमध्ये नेहमी निघते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या प्रकारात सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेन्को खेळत होता. त्यातही एक भाग एपेचा असतो. ब्रिटिश खेळाडूंच्या लक्षात आलं की याचं टोक लागलेलं नसतानाही दिवा लागतोय. एपे तपासला तर मुठीत लपवलेला स्विच! बोटानं दाबला की सर्किट पूर्ण. त्याला बाहेर काढलं, त्याच्याबरोबर टीमही गेली. जिमखान्यात ही गोष्ट सांगितली की इलेक्ट्रिकलवाल्यांचा पहिला प्रश्न 'किती हुशार ना?' असाच असतो. मला तर तो फारच बाळबोध डिझाइन वाटला.

पालकांचा आणि रेक्टर मॅडमचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो. लागत नाही का? लागतं. निळे-जांभळे डाग पडतात. पण खेळ धोक्याचा नाही, आणि तो तसा का नाही याचं उत्तर थोडं कटू आहे. १९८२ मध्ये रोमला जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह, १९८० चा फॉइलचा ऑलिम्पिक विजेता, खेळताना समोरच्याचं पातं मोडलं आणि मोडकं टोक त्याच्या मास्कच्या जाळीतून आत गेलं. काही दिवसांनी तो गेला. त्यानंतर सगळे नियम कडक झाले. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना फॉइल आणि एपेची पाती मॅरेजिंग स्टीलची लागतात, ज्यात निकेल भरपूर, कार्बन नगण्य आणि तडा पसरायचा वेग फार कमी. मटेरियल सायन्सच्या पेपराला हे उदाहरण लिहा, मार्क मिळतील. तिथले कपडे ८०० न्यूटन सहन करणारे, आमचे ३५० न्यूटनचे. आमचे एपे साध्या स्टीलचे आहेत, म्हणून पात्यात खोल वाक किंवा 'एस' दिसला की सर ते पातं सरळ कपाटात टाकतात. मास्कची जाळी दर स्पर्धेआधी १२ किलोच्या पंचनं दाबून बघतात. जाळीचे डोळे फाकले तर मास्क बाद. एक मास्क यंदा असाच बाद झाला. तो आता आमच्या विंगमध्ये वाळत टाकलेल्या मोज्यांची टोपली म्हणून काम करतो.

आता स्पर्धा. १३ जण होते, आठ मुलगे आणि पाच मुली. क्रिकेटसारखं पहिल्या मॅचला हरलात की घरी, असं इथे नसतं, आणि मला या खेळाची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. आधी पूल. १३ जणांचे दोन गट, एक सात जणांचा, एक सहा जणांचा. गटात प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, पाच टचपर्यंत, जास्तीत जास्त तीन मिनिटं. सातात २१ बाउट, सहात १५. एकूण ३६. पहिल्या वर्षाच्या, तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा एपे धरलेल्या मुलालाही सहा बाउट मिळतातच, आणि त्यातला एक क्लासमधल्या सर्वात चांगल्या खेळाडूशी असतो.

पूल संपला की रँकिंग. आधी बघायचं, खेळलेल्यांपैकी किती जिंकले. तिथे बरोबरी असेल तर इंडिकेटर, म्हणजे दिलेले टच वजा घेतलेले टच. तिथेही बरोबरी असेल तर ज्यानं जास्त टच दिले तो वर. हे ऐकायला क्लार्कचं काम वाटतं, पण यामुळे हरणारा बाउटसुद्धा शेवटपर्यंत खेळायला लागतो. ५-० नं हरलात आणि ५-४ नं हरलात यात चार टचचा फरक, आणि तो थेट हिशोबात जातो.

उदाहरण घेऊ. माझी रूममेट बी.ई. सिव्हिलला आहे. सात जणांच्या गटात तिनं सहापैकी चार बाउट जिंकले. दिलेले टच २७, घेतलेले १९, इंडिकेटर अधिक ८. त्याच गटात आणखी एकाचे चार विजय. दिलेले २६, घेतलेले १७, म्हणजे अधिक ९. तो तिसरा, ती चौथी. १६ जणांचा नॉकआउटचा तक्ता, खेळाडू १३, म्हणजे पहिल्या तिघांना बाय. तो आरामात पाणी पीत बसला आणि तिला पंधरा टचचा एक पूर्ण बाउट जास्तीचा खेळावा लागला. हे कशामुळे? गटात एकही बाउट न जिंकलेल्या त्या एफ.ई.च्या मुलाशी ती ४-२ नं पुढे होती आणि तिथे त्यानं एक टच लावला. ५-३. तो टच त्याला मिळाला नसता तर इंडिकेटर बरोबरीत आले असते, आणि दिलेले टच जास्त म्हणून ती तिसरी आली असती. त्या मुलाला याचा पत्ताच नव्हता. तो तीन टच मिळाले म्हणून उड्या मारत होता. आणि तक्ता बघा, नॉकआउटला चौथ्याची गाठ तेराव्याशी, म्हणजे परत त्याच्याशीच!

वेळेबद्दल एक सांगायलाच हवं. नाव पुकारलं की पिस्टवर हजर. सर याबाबत काही ऐकून घेत नाहीत आणि भवानी देवीचं उदाहरण देतात. चेन्नईची सी. ए. भवानी देवी, सेबर. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळली, भारताकडून ऑलिम्पिकला गेलेली पहिली तलवारबाज. पहिला बाउट ट्युनिशियाच्या खेळाडूशी १५-३ नं जिंकली, दुसरा फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून १५-७ नं हरली. ती चौदा वर्षांची असताना तुर्कस्तानातल्या तिच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन मिनिटं उशिरा पोचली म्हणून ब्लॅक कार्ड मिळालं होतं. सुरुवातीला सराव बांबूच्या काठ्यांवर करत होती. हॉस्टेलची जनता साडेआठच्या लेक्चरला आठ पन्नासला पोचते, त्या दिवशी मात्र आठला सगळे हजर होते.

हुकूम फ्रेंचमध्ये द्यायची पद्धत आहे. 'आँ गार्द', मग 'तयार?' आणि मग 'आले'. आता 'तयार?' ला फ्रेंचमध्ये पुरुषांसाठी 'प्रे' म्हणतात, आणि दोघी बायका असतील तर 'प्रेत'! पहिल्यांदा सरांनी दोन मुलींना उभं करून गंभीर आवाजात 'प्रेत?' विचारलं तेव्हा हॉल पडायचा बाकी होता. तेव्हापासून सर 'रेडी?' म्हणतात.

नॉकआउट पंधरा टचचा, तीन-तीन मिनिटांचे तीन भाग, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. वेळ संपून बरोबरी राहिली तर आणखी एक मिनिट, पण त्याआधी चिठ्ठी टाकून एकाला प्रायॉरिटी देतात. त्या मिनिटात कोणालाच टच लागला नाही तर प्रायॉरिटीवाला जिंकला. यामुळे दुसऱ्याला चाल करावीच लागते. याच नियमावरून २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकला मोठा गोंधळ झाला. दक्षिण कोरियाची शिन आ-लाम, एपे, सेमीफायनल, ५-५, प्रायॉरिटी तिच्याकडे, एक सेकंद बाकी. तो एक सेकंद संपेचना! घड्याळ पुन्हा लावलं, पुन्हा खेळवलं, आणि शेवटी जर्मनीच्या ब्रिटा हाइडेमाननं टच लावला. शिन जवळजवळ तासभर पिस्टवर रडत बसून होती, कारण पिस्ट सोडली म्हणजे निकाल मान्य केला असा अर्थ होतो. आमच्या बॉक्सचं घड्याळ लिहिताना मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला.

आता क्वार्टर फायनल. चौथी विरुद्ध पाचवी. चौथी म्हणजे माझी रूममेट. पाचवी, दुसऱ्या गटातली, एस.ई. कॉम्प्युटरची. विद्यापीठाच्या ट्रायल्सना मुलींच्या टीममध्ये चौघी लागतात, तीन आणि एक राखीव. तिघी आधीच ठरलेल्या. सरांनी सांगितलं होतं की उरलेल्या दोघींपैकी या स्पर्धेत जी पुढे जाईल ती चौथी. दोघींची गाठ इथेच पडली. एस.ई.वालीला अजून दोन वर्षं आहेत. रूममेटचं हे शेवटचं.

बाउट फार सुंदर झाला असं नाही, दोघी घाबरून लांबूनच हात काढत होत्या. पण पहिल्या भागात ५-५, दुसऱ्यात ११-१०, आणि तिसऱ्यात एक मिनिट बाकी असताना १४-१४. इथे एपेचा आणखी एक नियम लागू होतो. १४-१४ ला दोघींचे दिवे एकदम लागले तर कोणालाच काही नाही, परत उभं राहायचं. तसं दोनदा झालं. दोन्ही वेळा माझ्या बॉक्सनं दोन दिवे लावले आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात गोळा आला.

तिसऱ्या वेळी एस.ई.वालीनं वर हाताचा झोका दाखवला आणि खाली झुकून थेट पुढच्या पायावर टोक टाकलं. एक दिवा. तिचा. बझर. सर म्हणाले, "हाल्ट."

आणि मग काहीच नाही. टोक बुटावर पडलं की बुटाच्या बाजूला लाकडावर? सर उभे होते त्या बाजूनं पाय पायाच्या आड होता. बॉक्सला विचारून उपयोग नाही, त्याला एवढंच माहीत की बटण दाबलं गेलं. एस.ई.वाली म्हणाली, "सर, मला नाही कळलं, लागल्यासारखं वाटलं." सरांनी मान हलवली. ते टच रद्द करणार होते, हात वर जायला लागलाही होता. जिथे शंका तिथे रद्द, नियम स्पष्ट होता.

रूममेटनं मास्क काढला आणि म्हणाली, "सर, बुटावर लागलं. टच आहे."

सरांनी परत विचारलं, "नक्की?"

"हो सर. अंगठ्यावर."

१५-१४. दोघींनी सॅल्यूट केला, ग्लोव्ह नसलेला हात मिळवला, आणि पुढच्या बाउटची नावं पुकारली गेली. एस.ई.वाली सेमीफायनलला १५-६ नं हरली, पण टीममधली जागा तिची.

त्या रात्री आमच्या विंगमध्ये यावरून दोन वाजेपर्यंत वाद. एका पार्टीचं म्हणणं, बोलायची काय गरज होती? निर्णय देणं रेफरीचं काम, खेळाडूचं नाही. क्रिकेटमध्ये कॅच लागल्यावर कोण स्वतःहून चालायला लागतं? शिवाय ती खोटं थोडंच बोलणार होती, नुसतं गप्प राहायचं होतं. दुसऱ्या पार्टीचं म्हणणं, टच लागला तर लागला, त्यात चर्चा कसली. मी दुसऱ्या पार्टीत, पण कारण जरा वेगळं. क्रिकेटमध्ये अंपायरकडे कान असतो, डोळा असतो, वरती टीव्ही असतो. इथे सगळं शून्य होतं. बॉक्स आमचा, त्याची मर्यादा आम्हालाच पाठ होती. त्या क्षणी पूर्ण हॉलमध्ये खरी माहिती असलेला एकच सेन्सर होता, आणि तो तिच्या बुटात होता. त्याचं रीडिंग लपवून मिळालेला निकाल मला बॉक्समधल्या बिघाडासारखाच वाटला असता.

ती स्वतः मात्र या वादात पडली नाही. पायाला बर्फ लावत म्हणाली, "अगं दुखत होतं ना, मग नाही कसं म्हणू?" आणि झोपली. जागा गेल्याचं तिला वाईट वाटलं नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मी त्याच खोलीत राहते.

आमच्या ग्रुपपुरता प्रश्न मात्र इंजिनिअरिंगचा आहे. धातूची पूर्ण पिस्ट करायची तर १४ गुणिले दीड म्हणजे २१ चौरस मीटर पत्रा लागतो आणि तो क्लासच्या पैशांत बसत नाही. पण पायावरचे टच कुठे होतात याची नोंद आम्ही या स्पर्धेनंतर सरावात ठेवायला लागलोय, आणि बहुतेक सगळे मधल्या सहा मीटरांत पडतात. तेवढं झाकायला नऊ चौरस मीटर पुरतील. वर्कशॉपच्या मागे ॲल्युमिनियमचे जुने पत्रे पडून आहेत, सरांनी त्यासाठी अर्ज दिलाय. पत्र्यांचे सांधे पायात अडकणार नाहीत असे बसवायचे आणि सगळे पत्रे एकमेकांना जोडून बॉक्सच्या तिसऱ्या तारेला द्यायचे. दोन पत्र्यांमध्ये रेझिस्टन्स वाढला तर दिवा पुन्हा खोटं बोलेल, म्हणून आधी दोन पत्र्यांवर टेस्ट. सिव्हिलच्या बाजूनं फ्लोअर लेव्हल रूममेट बघतेय. कोणाला सोल्डरिंग येत असेल तर संध्याकाळी सहानंतर बॅडमिंटन हॉलमध्ये या. बुटांसकट.